मार्क ग्रॅनोव्हेटर यांना आपण अर्धेच वाचले

नोकरी शोधणाऱ्या तरुणांना 'नेटवर्किंग' शिकवणाऱ्या व्याख्यानांत अलीकडे मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे नाव हमखास येते. जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीची माणसे नोकरीच्या कामी अधिक येतात, एवढे एक वाक्य त्यांच्या नावावर टाकले जाते आणि व्याख्याते लगेच लिंक्डइनवरील प्रोफाइल कसे सजवावे याकडे वळतात. पन्नास वर्षांहून अधिक काळ सामाजिक जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाची ही ओळख मला फार तोकडी वाटते. त्यांच्या लेखनात व्यक्तीच्या लाभापेक्षा समाज एकत्र कसा राहतो आणि कुठे तुटतो हा प्रश्न मोठा आहे, आणि नेमका तोच आपण गाळून टाकला आहे.

ग्रॅनोव्हेटर यांचा जन्म 1943 मध्ये न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून 1965 मध्ये इतिहासाची पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि तिथे त्यांना हॅरिसन व्हाइट हे मार्गदर्शक लाभले. व्हाइट मूळचे भौतिकशास्त्राचे. माणसांचे वय, उत्पन्न, शिक्षण यांची कोष्टके मांडण्यापेक्षा त्यांच्यातील संबंधांची रचना तपासावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रिन्स्टनच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात शिकलेली एक गोष्टही ग्रॅनोव्हेटर यांच्या मनात राहिली होती: पाण्याच्या रेणूच्या आतले बंध बळकट असतात, परंतु असंख्य रेणूंना एकमेकांशी धरून ठेवतात ते दुबळे हायड्रोजन बंध.

या विचारातून लिहिलेला लेख त्यांनी 1969 मध्ये अमेरिकेतील समाजशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकाकडे पाठवला आणि तो नाकारला गेला. नकाराची हकिकत आता विद्यार्थ्यांना धीर देण्यासाठी सांगितली जाते, पण मला त्या मसुद्याचे शीर्षक अधिक बोलके वाटते, कारण त्यात परात्मतेचा, म्हणजे माणूस समाजापासून तुटल्याच्या भावनेचा, फेरविचार असा उल्लेख होता. महानगरात माणसांचे संबंध उथळ होतात आणि त्यामुळे माणूस एकाकी पडतो, ही समजूत तेव्हा समाजशास्त्रात चांगलीच रुजलेली होती. वरवर उथळ दिसणारे हे संबंधच दूरदूरच्या गटांना जोडतात, असे त्यांना दाखवायचे होते. नोकरी हा त्या युक्तिवादातला एक पुरावा होता. सुधारलेला लेख 1973 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज तो समाजशास्त्रातील सर्वाधिक उद्धृत लेखांमध्ये गणला जातो.

तो पुरावा बॉस्टनलगतच्या न्यूटन या उपनगरातला होता. नुकतीच नोकरी बदललेल्या 282 पुरुषांकडून त्यांनी माहिती मिळवली. त्यांपैकी 100 जणांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या. ज्यांना ओळखीतून नोकरीची माहिती मिळाली होती, त्यांना ती सांगणारी व्यक्ती त्या काळात किती वेळा भेटत असे, हेही विचारले. वारंवार भेटणारी माणसे फक्त 16.7 टक्के निघाली. अधूनमधून भेटणारी 55.6 टक्के आणि क्वचित भेटणारी 27.8 टक्के. मित्राने सांगितले का, असे विचारल्यावर उत्तर देणारे त्यांनाच दुरुस्त करीत, की मित्र नव्हे, नुसती ओळख. कारण साधे आहे. आपल्या घट्ट वर्तुळातील माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. हे टक्के केवळ 54 जणांच्या उत्तरांवरून काढलेले आहेत, हे मात्र व्याख्यानांत कुणी सांगत नाही.

त्याच लेखाचा उत्तरार्ध बॉस्टनच्या वेस्ट एंड या वस्तीकडे जातो. ही इटालियन स्थलांतरितांची वस्ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस नगर-पुनर्विकासाच्या नावाखाली जमीनदोस्त झाली. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी तिथे राहून तिचा अभ्यास केला होता. नात्यागोत्याने आणि बालपणीच्या दोस्तीने इतकी घट्ट बांधलेली वस्ती स्वतःचे घर वाचवण्यासाठी संघटित का होऊ शकली नाही, असा ग्रॅनोव्हेटर यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे, की प्रत्येक कोंडाळे आतून घट्ट होते, परंतु एका कोंडाळ्यातून दुसऱ्यात जाणारी ओळख फारशी नव्हती. आणि ज्याच्याशी आपली किंवा आपल्या माणसाची कसलीच ओळख नाही, अशा पुढाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? गॅन्स यांना हे पटले नाही आणि त्यांनी 1974 मध्ये त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. माझ्या मते राजकीय सत्तेचा भाग ग्रॅनोव्हेटर यांनी कमी लेखला, हे खरेच आहे. तरीही पुनर्विकासाच्या बैठकीत आपल्याच चाळीत तीन तट पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यांचा प्रश्न परका वाटू नये.

पुढील कारकिर्दीत त्यांनी मोजकेच प्रश्न हाती घेतले. 1978 च्या लेखात त्यांनी शंभर माणसांचा एक काल्पनिक जमाव मांडला: पहिला आपण होऊन दगड मारतो, दुसरा एकाला पाहून, तिसरा दोघांना पाहून, असे शंभराव्यापर्यंत. मग दंगल पेटते. आता एकाला पाहून उठणाऱ्याच्या जागी दोघांना पाहून उठणारा माणूस ठेवा. एक दगड पडतो आणि सगळे शांत. दोन्ही जमावांची मनोवृत्ती जवळजवळ सारखीच, पण वर्तमानपत्रांतील मथळे वेगळे. 1985 च्या लेखात त्यांनी अर्थशास्त्रज्ञांना बजावले, की बाजारातील व्यवहार माणसांच्या चालू संबंधांत रुतलेले असतात. आणि हेही नोंदवले, की जिथे विश्वास दाट तिथेच फसवणुकीला मोठी संधी असते. 1995 पासून ते स्टॅनफर्डमध्ये होते, आणि या विचाराची ग्रंथरूपात सविस्तर मांडणी आली ती थेट 2017 मध्ये. शोधनिबंधांची संख्या मोजून बढत्या देणाऱ्या आजच्या व्यवस्थेत ही गती कुणाला परवडेल, अशी मला शंका आहे.

लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी विरळ ओळखींपेक्षा मध्यम विरळ ओळखी सर्वाधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, पण 1983 मध्ये ग्रॅनोव्हेटर यांनी स्वतःच केलेली दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते: दोन गटांना जोडणारी ओळखच कामाची असते, आणि गरिबांना मात्र अडीअडचणीत घट्ट नात्यांवरच विसंबावे लागते.

हे समजायला दूर जायची गरज नाही. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांतील मुलांच्या प्रवेशांचा सुमारे वीस वर्षांचा आढावा घेतला आणि तो 2006 मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईत गिरणीतील जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, काळापासून कष्टाची कामे गावच्या आणि जातीच्या ओळखीने मिळत आली. उदारीकरणानंतर इंग्रजी शिकलेल्यांचे उत्पन्न वाढले, तरीही ज्या जातींची पुरुषांची कामाची जाळी मजबूत होती, त्यांतील मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, कारण बापाची, काकाची ओळख त्यांना तशाच कष्टाच्या कामाला लावणार होती. मुलींसाठी अशी जाळीच नव्हती. त्यामुळे त्याच जातींतील मुली झपाट्याने इंग्रजी शाळांकडे वळल्या.