पट्टा खिशात, कुत्रं डोंगरात

"काही करत नाही हो तो, नुसता खेळतोय!"

पावसाळ्यातल्या रविवारी म्हैसमाळच्या पठारावर जा, हे वाक्य ऐकल्याशिवाय परत येणं अवघड. शेळ्या उधळलेल्या असतात, राखणारी म्हातारी काठी उगारून धावत असते आणि कुत्र्याचा मालक मोबाईलवर शूटिंग करत हसत असतो. तो खेळतोय हे तुम्हाला माहीत आहे. शेळीला कोण सांगणार? तिच्यासाठी मागून धावत येणारं कुत्रं आणि लांडगा यांत काडीचा फरक नसतो. गाभण शेळी घाबरून खडकावरून घसरली की गाभडते. मग नुकसान म्हातारीचं आणि लाइक्स तुम्हाला.

पट्टा असतोच हो यांच्याकडं. चांगला महागाचा असतो. पण खिशात! "त्याला मोकळं आवडतं" म्हणे. आवडणारच. त्याला चप्पल चावायलाही आवडतं, ती देता का?

डोंगरावर लागतो तो पाच-सहा फुटांचा सपाट पट्टा, नायलॉनचा किंवा कातड्याचा, मनगटात अडकवून धरलेला. बटण दाबलं की लांब होणारा दोरीवाला पट्टा घरीच ठेवा. ती दोरी घाणेरीच्या जाळीत गुंतते. कुत्र्यानं हिसका दिला की प्लास्टिकची मूठ हातातून सुटते आणि दगडांवर खडखडत त्याच्या मागं येते. त्या आवाजानं ते आणखी बिथरून पळतं. गळपट्ट्यापेक्षा छातीपट्टा केव्हाही बरा. चढावर खेच गळ्यावर येत नाही आणि उंच दगड आला तर पाठीवरच्या मुठीला धरून कुत्रं उचलता येतं. गळ्यात नाव-नंबराची चकती मात्र राहू द्या.

कळप दिसला की थांबायचं. वाट सोडून पंचवीस-तीस पावलं बाजूला व्हायचं आणि कुत्र्याला आपल्या पलीकडं बसवायचं, म्हणजे कळपाच्या आणि त्याच्या मध्ये आपण. राखणाऱ्याला हाक मारा, "मामा, कुठनं जाऊ?" तो बरोबर सांगतो, त्याचा रोजचा डोंगर आहे. मेंढरांबरोबर धनगराची कुत्री असली तर ती अंगावर येणारच, त्यांना ठेवलंय त्याचसाठी. त्यांना दगड मारायचा तुम्हाला काय अधिकार? पाठ न दाखवता सावकाश मागं सरका. आणि जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, भांडणात कुत्रं मालकाचा हातही ओळखत नाही.

दुसरी तऱ्हा अभयारण्यात घुसवणाऱ्यांची. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. तिथं पाळीव कुत्रं न्यायचा विषयच नाही, तरी नाक्यावर सीटखाली चादर टाकून लपवतात आणि आत गेल्यावर मोकळं सोडतात. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास देणं त्यात स्पष्ट मना आहे. पावसाळ्यात लांडोर जमिनीवरच अंडी घालते. उन्हाळ्यात टिटवीची अंडी उघड्या मुरमावर असतात, माणसाला दिसत नाहीत पण कुत्र्याच्या नाकाला सापडतात. शिवाय त्या जंगलात बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं खाद्य. तिन्हीसांजेला लाडक्याला मोकळं सोडून तुम्ही सेल्फी काढत बसता तेव्हा त्याला ताटात वाढून ठेवलेलं असतं.

देवगिरी किल्ला, पितळखोरा, औरंगाबाद लेणी इथंही तेच. केंद्रीय संरक्षित स्मारकात देखभालीच्या कामाखेरीज जनावर आणायला १९५९ च्या नियमांनीच बंदी आहे. म्हणून दारावरच्या चौकीदाराशी "आमचा ट्रेन केलेला आहे" म्हणत हुज्जत घालू नका. त्या बिचाऱ्यानं नियम केलेला नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पाणवठ्यांवर. उन्हाळ्यात झरे आटतात, मग टँकरनं पाणी आणून सिमेंटच्या टाक्या भरतात, त्या रोही, ससे, कोल्हे, मोर यांच्यासाठी. त्यात हे आपला लॅब्राडोर डुंबवतात! डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे रोग कोल्ह्या-लांडग्यांनाही होतात. तुमच्या कुत्र्याला दरवर्षी लस मिळते. कोल्ह्याला कोण टोचणार?

आता ऊन. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी साडेदहाला संभाजीनगरच्या विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर हस्की चढवत नेतात. हस्की! बर्फात गाडी ओढायला घडलेलं जनावर, अंगावर दुहेरी केस, खाली काळा बसाल्ट आणि सावलीला धड एक झाड नाही. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, अंग थंड करायचं साधन म्हणजे धापा. पग आणि बुलडॉग यांच्या आखूड नाकाला तेही धड जमत नाही, त्यांना उन्हाळ्यात टेकडी दाखवूच नका.

हाताची पालथी बाजू खडकावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववली नाही तर कुत्र्याचे पायही ठेवायचे नाहीत. उन्हाळ्यात सहाच्या आत चढायला लागा आणि साडेआठला पायथ्याशी परत या. चढताना गार वारा असतो म्हणून लोक फसतात, खरी भाजणी उतरताना होते, तोवर खडक तापलेला असतो आणि कुत्रं दमलेलं. वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला लिटरभर पाणी लागतं, दोन तासांच्या चालीला त्याच्यापुरतं आणखी लिटरभर वेगळं घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं, घडीच्या वाडग्यात. बाटली वरून तोंडात ओतली की अर्धं पाणी मातीत जातं. पावसाळ्यात खडकातल्या साचलेल्या डबक्यातलं पिऊ देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लागण तिथंच होते.

जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट तारेसारखी आली, पाय लटपटले, की चाल संपली. "थोडंच राहिलंय, वर मंदिर आहे" हे बंद. अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. सावलीत आडवं करा, जवळचं सगळं पाणी पोटावर, काखेत, जांघेत ओता आणि टोपीनं, टॉवेलनं वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं. आधी गार करा, मग गाडीत घाला. उठून शेपटी हलवली तरी डॉक्टरकडं न्यायचंच, मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं दुसऱ्या दिवशी समजतं.

ऊन सरलं की कुसळं. दिवाळीच्या सुमारास बालाघाटाचे आणि अजिंठा रांगेचे उतार पिवळे होतात, फोटो झकास येतात आणि त्याच गवतात झुपकेदार कुत्री लोळवतात. कुसळाचं टोक अणकुचीदार, त्यावर उलटे केस आणि शेपूट दवानं ओलं होऊन वाळताना पिळत जातं. म्हणजे ते गिरमिटासारखं फिरत पुढंच घुसतं, मागं येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की पंजावर गळू, कानात गेलं की डोकं तिरकं करून झटकत राहणं, नाकात गेलं की शिंकांची रांग. मग तीन आठवड्यांनी विचारतात, "लंगडतोय काऊन?" निघण्याआधी बोटांमधले केस कापा. खाली आल्यावर गाडीत बसवायच्या आधीच बोटं, काख, कान, पापण्या, शेपटीखाली या क्रमानं बघा. वर दिसतंय ते चिमट्यानं काढा, कानात खोल गेलेलं डॉक्टरला काढू द्या. सराट्याचे काटे त्यामानानं सोपे, कुत्रं लगेच पाय उचलून दाखवतं.

गोचीड काढायला रॉकेल लावणाऱ्यांना तर काय म्हणावं! कातडी भाजते, कुत्रं ते चाटतं. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं. पुढं एक ते तीन आठवड्यांत खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर रक्त तपासा.

दगडाच्या ढिगात मोकळं कुत्रं आधी नाक घालतं आणि तिथं फुरसं हा विषारी साप असतो. म्हणून चावा बहुतेक थोबाडावर किंवा पुढच्या पायावर. बांधू नका, चिरू नका, चालवू नका, उचलून आणा. आपल्या डॉक्टरकडं सर्पविषावरचं औषध आहे का, हे घरून निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा.

सहा महिन्यांच्या लॅबला भांगसीमाता गड दोनदा चढवून "स्टॅमिना" वाढवणारेही आहेत. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं वर्ष-दीड वर्षाशिवाय पक्की होत नाहीत. घराजवळ चालवा तोवर.

आणि ती शीची पिशवी. उचलतात, गाठ मारतात, मग बाभळीला टांगून निघून जातात! नुसती शी पावसात विरघळली तरी असती, तुम्ही तिला प्लास्टिकचं कायमचं घर दिलंत. आणलेली पिशवी शहरातल्या कचरापेटीपर्यंत न्यायची, पाठपिशवीच्या बाहेरच्या खणात, दुहेरी गाठ मारून.

ज्यांच्याकडं स्वतःचं कुत्रं नाही ते पायथ्याच्या गावकुत्र्याला ग्लुकोजची बिस्किटं टाकत वर नेतात. कपिलधार असो की येडशीचं रामलिंग, हा प्रकार सगळीकडं. ते बिचारं भुकेपोटी तीन-चार किलोमीटर मागं येतं, पलीकडच्या वाडीच्या हद्दीत शिरतं आणि तिथली चार कुत्री त्याला फाडतात. तोवर तुम्ही दुसऱ्या वाटेनं उतरून भजी खात असता. खायला घालायचं असेल तर परत आल्यावर पायथ्याशी घाला, भाकरी घाला. वर न बोलावता मागं लागलंच तर उतरायची वाट बदलू नका, ज्या गावातनं आलं तिथंच त्याला परत आणून सोडा.