हिऱ्यांनी अनास्तासियाला वाचवलं नाही

रशियाच्या झारच्या खजिन्याचा तो मेसेज आता माझ्या आत्यानेही पाठवला, तोही वर ‘देवाची लीला बघ’ असं लिहून. म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कपड्यांत शिवलेल्या हिऱ्यांमुळे धाकटी राजकन्या अनास्तासिया गोळीबारातून वाचली, बाकीचा खजिना रातोरात गायब झाला, इंग्लंडच्या राणीने त्यातला मोठा वाटा ढापला, कोट्यवधी पौंड लंडनच्या बँकेत पडून आहेत, आणि झारच्या राजदंडातला हिरा म्हणजे आपला कोहिनूर.

पहिला मुद्दा वाचून संताप येतो. कपड्यांत हिरे होते, हे खरं. १९१८च्या वसंतात, क्रांतीनंतर कैदेत असलेल्या झार निकोलस आणि राणी अलेक्झांड्रा यांना सायबेरियातल्या तोबोल्स्कहून येकातेरिनबुर्गला नेलं, तेव्हा त्यांचा आजारी मुलगा अलेक्सेई याच्यापाशी तीन बहिणी मागे राहिल्या. ‘औषधांचं ठरल्याप्रमाणे करा’ असा निरोप त्यांना आला. औषधं म्हणजे दागिने. मुलींनी ते आतल्या चोळ्यांच्या अस्तरांत शिवले. १७ जुलैच्या पहाटे तळघरात काय घडलं, हे मारेकऱ्यांचा म्होरक्या याकोव्ह युरोव्स्की यानेच लिहून ठेवलंय. गोळ्या चोळ्यांवर आदळून खोलीभर उडत होत्या, संगीनही आत घुसेना. म्हणजे त्या हिऱ्यांनी मुलींचं मरण फक्त लांबवलं. नंतर प्रेतांवरून अर्धा पूड, म्हणजे सुमारे आठ किलो, जवाहीर निघालं. आईच्या अंगावर मोत्यांच्या माळा कापडात शिवून केलेला पट्टा होता. यात लीला कुठे दिसते, ते आत्याने मला सांगावं. जंगलात पुरलेले नऊ सांगाडे १९९१ मध्ये उकरले, उरलेल्या दोन मुलांचे अवशेष २००७ मध्ये सापडले आणि डीएनएने ओळख पटली. कुणीही सुटलेलं नाही. आयुष्यभर स्वतःला अनास्तासिया म्हणवणाऱ्या अ‍ॅना अँडरसनचा डीएनएही त्या घराण्याशी जुळला नाही.

‘रातोरात गायब’? राजमुकुटाचे दागिने १९१४ मध्येच, युद्ध सुरू झाल्यावर, तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग) इथून मॉस्कोला क्रेमलिनमध्ये हलवले होते. १९२२ मध्ये खनिजशास्त्रज्ञ फर्समन यांच्या देखरेखीखाली त्यांची एकेक करून नोंद झाली आणि पुढे फोटोंसकट सूची छापली गेली, तीही रशियनबरोबर इतर भाषांत. क्रांती करून सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी बरंच विकलं, हेही उघड आहे: १६ मार्च १९२७ रोजी लंडनला क्रिस्टीजमध्ये १२४ लॉट लिलावात निघाले. रशियन राजघराण्यातल्या वधूंचा हिऱ्यांचा मुकुट त्यातच गेला, आज तो वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात आहे. महाराणी कॅथरीनचा १७६२चा मोठा राजमुकुट मात्र क्रेमलिनमध्येच आहे, १९६७ पासून लोक तो पाहतात. तोबोल्स्कला लपवलेल्या १५४ वस्तूही १९३३ मध्ये गुप्त पोलिसांनी शोधून काढल्या.

राणीबद्दल थोडं मान्य करावं लागेल. इंग्लंडच्या राणी मेरीने व्लादिमीर टियारा, म्हणजे झारच्या काकूचा मुकुटासारखा दागिना, १९२१ मध्ये विकत घेतला. झारची आई १९२८ मध्ये वारल्यावर तिची दागिन्यांची पेटी बकिंगहॅम राजवाड्यात नेली गेली आणि त्यातल्या काही वस्तू मेरीकडे राहिल्या. झारच्या बहिणींना पैसे कमी आणि उशिरा मिळाले, हा आरोप जुना आहे. पण हे वैयक्तिक दागिने होते, राजमुकुटाचे नव्हेत.

लंडनच्या बँकेतलं घबाड आजवर कुणालाही मिळालेलं नाही. बर्लिनला मुलांच्या नावे ठेवी होत्या, त्या जर्मनीतल्या चलनफुगवट्याने मातीमोल केल्या.

कोहिनूर लंडनच्या टॉवरमध्ये आहे. राजदंडातला तो ओर्लोव्ह, भारतातूनच गेलेला पण वेगळा हिरा. आपल्याशी नातं शोधायचंच असेल तर क्रेमलिनमधला ‘शाह’ हिरा बघा. ८८.७ कॅरटच्या त्या खड्यावर अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं नाव कोरलंय, त्याखेरीज शाहजहानचं आणि इराणच्या फत्तेह अली शाहचंही. तेहरानमध्ये रशियन वकील ग्रिबोयेदोव्ह मारला गेला, त्यानंतर १८२९ मध्ये इराणने तो हिरा झार पहिल्या निकोलसला दिला.