चौकटीतले काका

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर चार खुंट्या ठोकून, त्यांना सुतळी गुंडाळून, एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनापुढे पालथी पडले होते. रानवनस्पतींचं सर्वेक्षण असंच होतं. चौकोनातली काडी न् काडी मोजायची, नाव लिहायचं, पुढच्या चौकोनाकडे सरकायचं. ओळख पटली नाही तर फुलासकट नमुना काढून वर्तमानपत्राच्या घडीत दाबायचा. फुलाचा रंग तिथंच वहीत टिपायचा, कारण वाळल्यावर बरीचशी फुलं तपकिरी दिसतात. बस, एवढंच. यात कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

"ओ मॅडम, कुठल्या खात्याच्या?"

वर पाहिलं. पांढरे बूट, बर्म्युडा, हातात काठी, काठीला अडकवलेली रिकामी कापडी पिशवी. पिशवीचं पुढं कळेल.

"खात्याची नाही काका. सर्वेक्षण चाललंय, वनस्पतींचं."

"म्हणजे मोजणी. रस्त्याची ना? आम्ही सह्या केल्यात विरोधात. सांगून ठेवतो."

"रस्ता नाही हो. गवत मोजतेय."

"गवत." काका थांबले. "कशासाठी?"

"कुठलं गवत किती आहे, ते नोंदवायला."

"बरं, नोंदवलं. पुढं?"

या 'पुढं'ला माझ्याकडे आजवर उत्तर सापडलेलं नाही. रस्त्याची भीती संपल्याबरोबर माझा हुद्दाही गेला. मॅडमची 'बाळ' झाले.

"पगार मिळतो का बाळ याचा?"

"फेलोशिप मिळते."

"म्हणजे आमच्याच टॅक्समधून."

फेलोशिप कधी मिळते ते सांगितलं असतं तर काकांनीच मला डबा आणून दिला असता, पण राहिलं. काका इंजिनिअर निघाले. चौकोनाचा एक कोन काटकोन नाही हे त्यांनी काठीनं दाखवून दिलं. मीही खिंडीत गाठावं म्हणून सांगितलं, की आपल्या भागातल्या वनस्पतींचा जो जाडजूड ग्रंथ अजून आम्ही उघडतो, तो थिओडोर कुक यांचा, १९०१ ते १९०८ मध्ये निघालेला. आणि हे कुकसाहेब पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. काका उजळले.

"बघ! शेवटी इंजिनिअरच लागतो."

खिंडीत मीच.

मग काका उकिडवे बसले आणि त्यांनी एकेका रोपाची उलटतपासणी सुरू केली. हे काय? नभाळी. उपयोग? निळं फूल येतं. ते झालं, पण उपयोग? हा टाकळा. कोवळ्या पानांची भाजी होते. हां, असं सांग. हा भुईआवळा. काविळीवर देतात तो का? हो, तोच. शुगरवर चालतो? मला माहीत नाही. हे कुसळी गवत. याचं? याचं कुसळ पीळ खात जमिनीत शिरतं, बी आपलं आपण पेरतं. "ते त्याच्या उपयोगाचं झालं. आपल्या काय?"

इथं माझं डोकं फिरतं, ते आत्ताही फिरलंय. या शहरात वनस्पतीला नुसतं असायची सोय नाही. एक तर तिनं केस वाढवावेत, नाही तर खडा पाडावा, नाही तर तण म्हणवून घ्यावं. खुद्द काकांना कुणी विचारत नाही, की निवृत्त झालात, आता उपयोग काय? आणि ज्याचा खरोखर उपद्रव आहे त्या गाजर गवताकडे कुणी ढुंकून बघत नाही. या विदेशी तणाची भारतात ठळक नोंद झाली ती पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालयही पुण्यात आलं १९५५ सालीच. बघायला माणसं आली तेव्हा पाहुणा हजर होता. त्यानं अंगाला खाज सुटते, दमा उठतो, पण टेकडीवर त्याची चौकशी करायला काठीवाला कुणी थांबलेला मी पाहिला नाही.

असो. काकांनी आता खिशातून कागद काढला. काकूंनी लिहून दिलेली एकवीस पत्रींची यादी.

"मंडईत जुडी घेतली की त्यात काहीही कोंबतात. तू बॉटनीची, तुला ठाऊकच असणार. विष्णुक्रांता?"

दाखवली. जमिनीलगतचं बारीकसं निळं फूल काका चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले. "एवढीशी?" म्हणाले, जणू मीच काटकसर केली होती.

"देवदार कुठल्या बाजूला आहे?"

"देवदार हिमालयात होतो काका."

"म्हणजे माहीत नाही."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांचा हात सुतळीच्या आत गेला. आघाडा : ४, असं मी नुकतंच लिहिलं होतं. चारही मुळासकट पिशवीत.

"काका! ते मोजलेले आहेत!"

"मोजून झालेत ना? मग आता काय करणार त्यांचं?"

"ती माझ्या चौकोनातली आहेत."

"टेकडी सगळ्यांची आहे बाळ."

दूर्वाही त्यांनी माझ्याच चौकोनातून खुडल्या, तीन-तीन पात्यांच्या, अगदी विधिवत.

पुढचा चौकोन आखायला गेले, तर तिथं खड्डे. ओळीनं, गुडघाभर खोल, प्रत्येकात एकेक रोप आणि शेजारी फलक. टेकडी 'हिरवी' करायची मोहीम. ती मुळात गवताचीच टेकडी आहे, पावसाळ्यात हिरवी आणि एरवी पिवळी असते, हे कुणाला सांगायचं? झाड नसलेली जमीन दिसली की आपल्याकडे लोकांना ती ओसाड वाटते. एकदा असंच हिरवं करण्याच्या नादात मध्य अमेरिकेतला गिरिपुष्प आणून टेकड्याच्या टेकड्या भरून टाकल्या. फेब्रुवारीत तो गुलाबी फुलतो, लोक त्याच्याखाली फोटो काढतात आणि त्याच्या दाट सावलीत आमची नभाळी, कवळा, सोनकी तग धरत नाहीत. त्याचा फोटो कोण काढणार? खड्ड्यातून उपसलेल्या मातीच्या ढिगावर कवळ्याची पिवळी फुलं उलटी पडली होती. माझ्या तक्त्यात 'हस्तक्षेप' या रकान्यात चराई, वणवा, तोड असे तीनच पर्याय आहेत. श्रमदान नाही. काका तर नाहीतच.

"छान लावलीत ना?" काका मागून येऊन उभे होते. पिशवीतून माझा आघाडा डोकावत होता. "आमच्याच ग्रुपनं. विसर्जन झालं की पुढची ओळ त्या बाजूला घ्यायची आहे. तुझं ते चौकोन-बिकोन आहे ना, तिथं."

मला आमंत्रण आहे. चहा-पोहे ग्रुपतर्फे, कुदळ ज्याची त्यानं आणायची.