रूढी ऊर्फ शरियत

शरियतीविषयी अधिकारवाणीने बोलायचे आपण ठरवलेच असेल, तर अभ्यासाच्या फंदात पडू नये. एक शब्द टाळता आला की पुरे, आणि तो शब्द म्हणजे ‘उर्फ’. मराठीत टोपणनावाआधी जो ‘ऊर्फ’ आपण लिहितो, त्याचेच हे मूळ अरबी रूप. इस्लामी कायदेशास्त्रात मात्र त्याचा अर्थ लोकांत रुळलेली, सर्वमान्य रीत असा होतो. या रीतीला कायद्यात स्थान होते असे एकदा कबूल केले, की ‘शतकानुशतके काडीचाही बदल नाही’ हे आपले आवडते वाक्य गोत्यात येते. मग ते आपण अभिमानाने म्हणत असा वा तुच्छतेने.

मदिनेत लोक पीक हाती येण्याआधीच खजुराचे पैसे मोजत असत. पैगंबरांनी ती प्रथा मोडली नाही, माप, वजन आणि मुदत आधी ठरवा एवढीच अट घातली. ही हकीकत कोणी सांगू लागल्यास विषय बदलावा. ‘इस्तिस्ना’, म्हणजे कारागिराकडून वस्तू घडवून घेण्याचा करार, तर त्याहून अडचणीचा. अस्तित्वातच नसलेली वस्तू विकता येत नाही, हा नियम हनफी पंथाच्या फकीहांना, म्हणजे कायदेपंडितांना, पाठ होता. तरीही लोक कारागिराकडून जोडे आणि भांडी मापाप्रमाणे घडवून घेत आले आहेत आणि त्यावर कोणी आक्षेप घेतलेला नाही, एवढ्या आधारावर त्यांनी हा करार वैध ठरवला. कुराणात माशाला ताजे मांस म्हटले आहे, पण मांस न खाण्याची शपथ घेतलेल्याने मासा खाल्ला तर शपथ मोडत नाही, कारण बोलण्याच्या रीतीत मासा मांसात धरत नाहीत, असेही तेच सांगतात. इतका बारकावा आपल्या प्रकृतीला मानवणार नाही.

१८६९ ते १८७६ या काळात टप्प्याटप्प्याने आलेल्या, उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेचे नाव तर काढूच नये. तिचे ३६वे कलम रूढीला निवाड्याचा अधिकार देते आणि ३९वे कलम काळाबरोबर हुकूम बदलतात हे मान्य करते.

तरीही रूढी अगदीच टाकून देऊ नये, कारण घरात तिची फार गरज पडते. मुलीचा वारसाहक्क कुराणात स्पष्ट शब्दांत ठरवून दिलेला आहे, आणि स्पष्ट वचनाला छेद देणारी रूढी ‘फासिद’, म्हणजे रद्दबातल, असे फकीह बजावतात. अशा वेळी ‘आमच्याकडे पहिल्यापासून असेच चालते’ असे म्हणून जमीन भावांच्या नावे करावी आणि संध्याकाळी शरियतीच्या रक्षणावर व्याख्यान द्यावे. मेहर, म्हणजे नवऱ्याने वधूला द्यायचे धन, ठरला नसेल तर वधूच्या पितृकुळातील तिच्यासारख्या स्त्रियांचा मेहर पाहून तो ठरवावा, हा नियम मात्र रूढीवर आधारलेला असूनही विसरावा. तो तिच्या पदरात काहीतरी टाकतो.

मालिकी पंथाचे कायदेपंडित कराफी १२८५ मध्ये वारले. परमुलखातला माणूस फतवा विचारायला आला तर आपल्या गावची रीत त्याच्यावर लादू नका, आधी त्याच्या मुलखातली रीत विचारा, असे त्यांनी मुफ्तींना बजावून ठेवले होते. त्यांच्यापाशी वेळ असावा. आपले उत्तर तयारच असल्याने समोरच्याला नावही विचारण्याचे कारण नाही; ऊर्फ तर नाहीच नाही.