बांडोरा रडायला लागली की पुढे ढकलू नका

काल रात्री तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. बांडोरा रडत होती आणि आमच्या घरात तिला दोन मिनिटं धड रडू दिलं नाही.

भाच्याला शेजारी घेऊन मी ‘क्योर्यू सेंताई ज्यूरेंजर’ बघत होते. फेब्रुवारी १९९२ मध्ये जपानच्या टीव्ही आसाहीवर सुरू झालेली, ५० भागांची मालिका; ज्यूरेंजर नावाचे योद्धे आणि त्यांचे मोठाले रोबोट चेटकीण बांडोराच्या टोळीशी लढतात. रोज जेवणं झाली की एक भाग, असं करत आम्ही दोघं शेवटाला पोचलो होतो. मारामारी संपलेली. चेटकीण बांडोराच्या हातात तिचा मुलगा काई शेवटच्या घटका मोजतोय. आत्तापर्यंत जी बाई फक्त खदाखदा हसली, किंचाळली, नाचली, तिचा चेहरा पहिल्यांदा गप्प झालाय. आणि नेमका त्याच क्षणी दादा आत आला, रिमोट उचलला, ‘संपली की फायटिंग, आता हे रडगाणं कशाला बघताय?’ म्हणाला आणि थेट पुढे ढकललं. भाचा म्हणाला, ‘आत्या, ती का रडत होती?’ मी तोंड उघडायच्या आत दादाने उत्तर दिलं, ‘अरे व्हिलन आहे ती. रडू दे.’

अरे, ५० भाग ज्या एका गोष्टीसाठी बघितले ती हीच होती! रोबोट काय, आठवड्याला एक जिंकतोच. ही बाई रडते ती एकदाच.

बांडोरा राणी होती. एकुलता एक मुलगा काई. त्या कार्ट्याने डायनासोरची अंडी फोडली आणि डायनासोरच्याच रागात त्याचा जीव गेला. चूक त्याची होती, हे मालिका लपवत नाही. पण पोटचा गोळा गेल्यावर कुठली आई चूक कोणाची याचा हिशोब मांडत बसते? तिने डाय सेटन नावाच्या सैतानाला आत्मा विकला, जादू मिळवली आणि डायनासोरांच्या नाशामागे लागली. मग १७ कोटी वर्षं कोंडली गेली. बाहेर आली ती लहान मुलांचा द्वेष घेऊनच. दुसऱ्यांची मुलं हसताना, खेळताना दिसली की तिच्या अंगाचा तिळपापड होतो. मी तिची बाजू घेत नाही. दुसऱ्याच्या लेकरांवर सूड उगवणं वाईटच. पण ती मुलांवरच का चिडते हे कळल्यावर तिचा आधीचा सगळा आरडाओरडा वेगळा ऐकू येतो. ते दोन मिनिटांचं रडणं कापलंत की हे कळायचा रस्ताच बंद.

आणि तिची टोळी म्हणजे तिच्याभोवती सगळं घरच आहे हो. टोटपट आणि बुकबॅक ही दोन गोंधळी पोरं असावीत तशी, सतत बोलणी खाणारी. प्रिप्रिकान बिचारा मातीच्या आकृत्या घडवून राक्षस तयार करतो आणि प्रत्येक राक्षस मार खाऊन संपतो. ग्रिफोर्झर तर सुरुवातीला नुसता गुरगुरतो, बायको लामी आल्यावर त्याला वाचा फुटते. नवराबायको आहेत ते! एकमेकांसाठी जीव टाकणारे. म्हणजे ज्या घरात बाकी सगळ्यांना कोणी ना कोणी आहे, तिथे मालकीणबाईचीच कूस रिकामी. हे इतकं उघड मांडलंय, तरी माणसं म्हणतात, ‘पोरांचा खेळ आहे, त्यात बघायचंय काय?’

दादाला तरी एकट्याला काय बोलू? त्याने काल जे केलं ते अमेरिकेने १९९३ मध्ये अख्ख्या मालिकेचं केलं. ज्यूरेंजरची मारामारी घेतली, रेंजर म्हणून आपली मुलं उभी केली आणि ‘पॉवर रेंजर्स’ काढलं. बांडोराचे सीन तेच, बाई तीच, तोंडात आवाज मात्र दुसऱ्या बाईचा. नाव ठेवलं रिटा. काई गायब. आत्मा विकणं गायब. लामीचं नाव स्कॉर्पिना झालं, ती ग्रिफोर्झरची बायको उरली नाही आणि पुढे कुठे गेली हे सांगायचीही कोणाला गरज वाटली नाही. उरलं काय? डोकं दुखतंय म्हणून ओरडणारी एक म्हातारी चेटकीण. नंतर तिला झेडसारखा नवरा दिला, रिटोसारखा बावळट भाऊ दिला, वडीलही दिले, सगळे हसण्यासाठी. तिचा होता तो मुलगा काढून घेतला आणि वर हे सासर-माहेर चिकटवलं!

आपल्याकडे हिंदी डबिंगमधून आली ती हीच रिटा. त्यामुळे बांडोराचं नाव काढलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘हां, ती डोकं दुखणारी ना?’ दर वेळी. मित्र असो, ऑफिसातला असो, आमचा दादा असो. मी काईबद्दल सांगायला लागले की दुसऱ्या वाक्याला त्यांचं लक्ष फोनमध्ये.

ज्या बाईने हे केलं तिचं नाव तरी माहीत असावं. माचिको सोगा. १९८० मध्ये याच धाटणीच्या ‘डेंजिमान’ मालिकेत आणि पुढच्या वर्षी ‘सन व्हल्कन’मध्ये तीच राणी हेड्रियन होती. विनोदी खलनायिका करणं तिच्या हातचा मळ. म्हणूनच शेवटच्या भागातला तिचा चेहरा बघायचा असतो. वर्षभर ज्या भुवया उडवून तिने हसवलं त्या जागच्या जागी थांबतात, आणि जड मुकुटाखालचं ते तोंड एकदम एका आईचं होतं. २००६ मध्ये ती गेली. त्या वर्षीच्या ‘पॉवर रेंजर्स’चा शेवटचा भाग तिला अर्पण केला होता. ते बरं केलं. पण ज्या कामासाठी ती लक्षात राहायला हवी ते काम अमेरिकेतल्या मुलांना दाखवलंच नव्हतं.

आणि खरा राग यायचा तर त्या डाय सेटनचा यायला हवा. आईची जखम माहीत असताना तो काईला परत आणतो, पण मुलगा म्हणून नाही, लढायला म्हणून. थंड डोळ्यांचा, आईकडे ढुंकूनही न बघता पुढे जाणारा पोरगा. आणि ही बाई तरीही हरखते! इतक्या वर्षांनी आपलं लेकरू समोर उभं, तेवढंच तिला पुरतं. तोच मुलगा लढाईनंतर मरतो, दुसऱ्यांदा, तिच्या हातात. तिच्या डोळ्यातून पाणी येतं आणि त्या पाण्याबरोबर तिची जादू जाते. आत्मा विकलेल्या बाईला रडता येत नसतं. ती रडली म्हणून हरली! मग तिला सगळ्या टोळीसकट भांड्यात बंद करून अंतराळात सोडून दिलं जातं. आणि त्या भांड्यात लामी आणि ग्रिफोर्झरच्या बाळाचा विषय निघतो, आणि मुलांचा जन्मभर तिरस्कार केलेली बांडोरा त्या बाळासाठी आनंदून जाते.

ती रडायला लागल्यानंतरचं एकही दृश्य काल माझ्या भाच्याने बघितलं नाही. बापाने थेट शेवटच्या गाण्यावर नेऊन ठेवलं.

आज सकाळी दूध पिताना तो परत विचारत होता, ‘आत्या, तिचा मुलगा मेला का खरंच?’ सात वर्षांच्या पोराच्या डोक्यातून ते जात नाहीये, आणि घोड्याएवढ्या बापाला कळत नाही. आज रात्री मी मालिका काई पहिल्यांदा परत येतो तिथपासून लावणार आहे. रिमोट माझ्या हातात राहील. दादाला बसायचं असेल तर त्याने फोन बाहेर ठेवून यावं, आणि ती रडायला लागली की तोंडातून शब्द काढू नये.