मेणाचं घर आणि खरं घर

विषय निघाला बंड्याच्या भाचीवरून. तिला माहीममध्येच भाड्याने घर हवंय. शितळादेवीकडच्या एका नव्या टॉवरमधला फ्लॅट पसंत पडला, तर एजंटने आधी आडनाव विचारलं आणि मग हळूच, "मासे वगैरे नाही ना?" माहीममध्ये! कोळीवाडा हाकेच्या अंतरावर असताना.

"तरी म्हणे कॉस्मोपॉलिटन," बंड्या कट्ट्यावर येतानाच तापलेला होता. "सगळं तोंडदेखलं आहे."

मास्तर लगेच उसळले. मास्तरांसमोर माहीमला नावं ठेवायची सोय नाही. "बुधवारी चर्चवर जाऊन बघ. 1948 पासून नोव्हेनाची प्रार्थना चाललीय. रांगेत सगळे ख्रिश्चनच असतात का? आणि डिसेंबरात मखदूम शाहबाबांच्या उरुसाला मानाचा पहिला संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा. दाखव असं दुसरीकडे."

चर्चचं त्यांचं खरंच आहे. बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं मांडलेली असतात. गुडघा दुखत असेल तर पाय वाहायचा, मूल हवं असेल तर बाळ. छोटी मेणाची घरंही असतात. मंगळसूत्र घातलेल्या बायकांना ती निवडताना मी पाहिलंय.

"तेच तर!" बंड्या म्हणाला. "मेणाचं घर वाहायला सगळे एका रांगेत. खरं घर मागितलं की आडनाव."

यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. नानांनी सूत्रं हातात घेतली. नाना बँकेतून रिटायर झालेले, सोसायट्यांचे कायदे त्यांना पाठ. "अरे, हे आजचं नाही. गावदेवीची सारस्वतांची सोसायटी 1915 ची. दादरला पारशी कॉलनी. गिरणगावात गावकीच्या खोल्या, एका गावचे सगळे एकत्र. आणि सोसायटीने सभासद एकाच समाजाचे ठेवले तर चालतं, असं सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये सांगितलंय. वेगळे राहूनही शहर चाललंच ना?"

"92-93 च्या दंगलीत चाललं होतं का, नाना?" बंड्याने विचारलं. "त्यानंतर किती जण उठून आपापल्या माणसांत राहायला गेले? मुंब्रा उगाच वाढलं?"

दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

मला विचाराल तर नाना आणि बंड्या दोघंही वरच्या मजल्यांबद्दल भांडत होते. मुंबई वरच्या मजल्यांवर कधीच फारशी मिसळली नाही. ती मिसळली तळमजल्यावर. आमच्या बिल्डिंगखाली बोहरी चाचांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्याच्या मागे खिळ्यांना अर्ध्या बिल्डिंगच्या किल्ल्या टांगलेल्या असतात. मोलकरणीसाठी, गॅसवाल्यासाठी, शाळेतून लवकर सुटलेल्या पोरासाठी. प्रत्येक किल्लीला सुतळी, काहींना जुन्या औषधाच्या खोक्याचा तुकडा, त्यावर पेनने खोलीनंबर. चाचांना वर कोणी जेवायला बोलावलं असेल, असं मला वाटत नाही. पण घराची किल्ली त्यांच्याकडे आहे! याला ढोंग म्हणायचं की एकोपा, ते तुम्ही ठरवा. मला ते पुरेसं वाटतं.

आता बंड्याच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटचा नवा प्लॅन बघा. तो त्याने मोबाईलवर दाखवला. खाली सात मजले पार्किंग, मोठं गेट, सिक्युरिटी, येणाऱ्याला अ‍ॅपवरून परवानगी. दुकानं? मागच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी, रहिवाशांच्या वाटेवर येणारच नाहीत अशी. एजंटचा प्रश्न संतापजनक आहेच, पण निदान त्यावर कोणीतरी भांडतं. या प्लॅनवर सगळ्यांनी हसत सह्या केल्यात.

"मग काय, गळक्या छताखाली राहू?" बंड्या माझ्यावर घसरला. "तुझं ठीक आहे रे. तुझ्या बिल्डिंगला टेकू लागलेले नाहीत."

हेही खरं.

"रविवारी तुमच्या मीटिंगला मी येतो," नाना म्हणाले. "दुकानं रस्त्याच्या बाजूला घ्या, हा मुद्दा लेखी देऊ."

"द्या की," बंड्या म्हणाला. "फक्त त्याच कागदावर माझ्या दुसऱ्या पार्किंगचंही लिहा."