‘ओरडल्याशिवाय पोरं हलत नाहीत’: ‘एक क्रीडाप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

क्रीडाप्रेमी साहेब,

सामन्याच्या दिवशी कबड्डीच्या प्रशिक्षकाने स्वतःला कसं आवरावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी : “खुर्चीत बसून उपदेश करणं सोपं असतं. ओरडल्याशिवाय पोरं हलत नाहीत. गप्प बसणाऱ्या प्रशिक्षकाला पंच मोजत नाहीत. प्रो कबड्डीतले प्रशिक्षक काय मुके आहेत? आणि किशोर गटाचा सामना ४० मिनिटांचा नसतो, एवढं तरी तपासा.”

शेवटचं आधी घेतो. मान्य. किशोर गटाला १५-१५ मिनिटांची दोन सत्रं असतात. पुरुष गटाचा हिशेब लिहून गेलो होतो, दुरुस्त केला आहे.

‘खुर्चीत बसून’ हे मात्र मला लागलं. अठरा वर्षं मी मैदानाच्या कडेला आहे, माती होती तेव्हापासून. मुद्दा खोडा, खुशाल खोडा. पण ज्याला ओळखत नाही त्याच्या घामाचा हिशेब मांडू नये, आणि स्वतःचं नाव झाकून तर मुळीच मांडू नये.

आता ‘ओरडल्याशिवाय पोरं हलत नाहीत’ या वाक्याकडे येतो. चढाईला ३० सेकंद असतात. तेवढ्यात पोराच्या तोंडात दम चालू, नजर कोपरारक्षकाच्या पायांवर आणि कान पंचाच्या शिट्टीकडे. तुम्ही बाजूने “अरे, डावीकडे बघ!” म्हणून ओरडलात की तो क्षणभर तुमच्याकडे मान वळवतो. घोटा धरायला कोपरारक्षकाला तेवढा क्षण पुरतो. “बोनस घे!” (म्हणजे मागच्या बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून जादा गुण आण) हे तर त्याच्याआधी समोरच्या सात जणांना ऐकू जातं. कोपरारक्षक एक पाऊल पुढे सरकतो आणि बोनस रेषेचा रस्ता बंद. चढाईवर गेलेल्याला त्याच्याच बाजूच्याने सावध केलं तर गुण प्रतिस्पर्ध्याला द्यावा, हे नियमपुस्तकात उगाच आलेलं नाही.

सांगायचंच असेल तर तो मध्यरेषा ओलांडण्याआधी सांगा, आणि हाताने सांगा. आदल्या दिवशी तीन खुणा ठरवायच्या, चौथी नको. उघडा तळवा खाली : वेळ काढून परत ये. मूठ : बोनस बघ. तीन बोटं : दोन चढाया रिकाम्या गेल्या, ही तिसरी आहे, गुण आणलाच पाहिजे.

पोरगं हलत नाही याचं कारण पुष्कळदा त्याच्या पोटात असतं, हेही लक्षात घ्या. किशोर गटाला वजनाची मर्यादा असते. काठावरचा मुलगा आदल्या रात्रीपासून उपाशी राहतो, पाणीही तोडतो. सकाळी वजन झालं की पोरं आनंदाने वडापाववर तुटून पडतात किंवा सामना लगेच आहे म्हणून काहीच खात नाहीत. दोन्ही वाईट. वजनकाट्यावरून उतरल्याबरोबर दोन केळी, थोडा गूळ आणि घोट-घोट पाणी, हे प्रशिक्षकाच्या पिशवीत तयार हवं. उत्तरार्धात ज्याच्या पोटरीत गोळा येतो त्याला तुमच्या आवाजाने काय होणार? मुळात वजन कमी करायला उपाशी ठेवणंच चूक आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

टाइमआउट ३० सेकंदांचा, एका सत्रात दोन. पहिली दहा सेकंदं काहीही बोलू नका. पाणी पिऊ द्या, श्वास खाली येऊ द्या. तुम्ही उकिडवे बसा, म्हणजे डोळे त्यांच्या डोळ्यांसमोर येतात आणि तुमची पाठ गुणफलकाकडे राहते. मग चढाईपटूला एक वाक्य, हात धरून बचाव करणाऱ्या साखळीला एक वाक्य. शेवटची पाच सेकंदं कर्णधाराची. जो पाच सूचना देतो, त्याची फक्त शेवटची लक्षात राहते, आणि ती बहुतेक वेळा “जीव लावून खेळा” अशी असते, जिचा काही उपयोग नाही.

लोण बसल्यावर, म्हणजे तुमचा सगळा संघ बाद झाल्यावर, तुमची खरी परीक्षा. समोरच्यांना दोन जादा गुण मिळालेले असतात आणि तुमची सातही पोरं आत येताना आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. तेव्हा कपाळावर हात नको, सहायकाच्या कानात कुजबुजही नको. उभे राहा, दोनदा टाळी वाजवा, तळवा खाली दाखवा. पुढची चढाई वेळ काढायची, हे त्यांना कळतं.

पंचांबद्दल थोडक्यात. बोनसला पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा. तुमच्या जागेवरून तो कोन दिसत नाही, म्हणून हरकत कर्णधारामार्फतच घ्यावी. हिरवं कार्ड ताकीद असते, पिवळ्याला खेळाडू दोन मिनिटं बाहेर. तुमचं बघून पोरगा पंचाशी भिडला तर तुम्ही सहा जणांवर खेळणार. तुम्हाला पंचांनी ‘मोजावं’ म्हणून ही किंमत पोरांनी का द्यावी, हे तुम्हीच सांगा.

प्रो कबड्डी २०१४ पासून टीव्हीवर आहे, मीही बघतो. तिथले खेळाडू पगारी, मोठे आणि त्या आवाजाला सरावलेले आहेत. चौदा वर्षांच्या पोराशी त्यांची तुलना करणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

एवढं करा. पुढच्या सामन्याला वही घेऊन बसा. पानावर मधोमध रेघ मारा. ओरडावंसं वाटलं आणि ओरडलात तर डावीकडे खूण करा, आवरलंत तर उजवीकडे. प्रत्येक खुणेपुढे त्या चढाईत गुण आला की गेला ते लिहा. ते पान इथे टाका. या वेळी नावासकट.